विश्लेषण : दिवाळीचा किल्ला टेबलावर आला तर? घरच्या घरी ‘खेळता येणारा’ तोरणा-राजगड कसा बनवायचा?

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, त्यावर मावळे मांडायचे, चार दिवस मिरवायचा आणि मग मोडून टाकायचा, ही महाराष्ट्रातील घरोघरची पद्धत. जगात इतरत्र अशाच छोट्या डोंगरदऱ्या जेवणाच्या टेबलावर उभ्या केल्या जातात. मात्र त्या केवळ पाहण्यासाठी नसतात. आई-वडील आणि मुले मिळून त्यांच्यावर गोष्टीचा खेळ खेळतात. पानशेतपासून तोरणा-राजगडापर्यंतचा मुलूख या खेळासाठी अगदी योग्य आहे. रद्दीतील पुठ्ठा, गोंद आणि थोडे गणित यांतून हा मुलूख टेबलावर कसा आणता येईल आणि त्यातून मुलांच्या हाती नेमके काय लागेल, याचा हा आढावा.

हा खेळ नेमका काय असतो?

या प्रकाराला ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. प्रत्येक खेळाडू गोष्टीतील एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होतो. समोर काय दिसते, कोण भेटते, कोणती अडचण येते हे तो सांगतो. खेळाडू आपले पात्र काय करणार ते ठरवतात आणि ते साधले की नाही, याचा निकाल फासे देतात. यात सहसा कोणी एक जिंकत नाही; सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळरचनाकारांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये आलेला खेळ या प्रकारातील पहिला मानला जातो.

खेळासाठी टेबलावर मांडलेल्या डोंगर, नदी, भिंती, झाडे यांना ‘टेरेन’ म्हणतात. त्याची मुळे लष्करी प्रशिक्षणात आहेत. प्रशियातील रायस्विट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी एक टेबल तयार केले. त्यावर डोंगर-नद्यांचे तुकडे हवे तसे मांडून लढाईचा सराव करता येई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हाच खेळ नकाशावर आणला. पुढे इंग्रजी लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले आणि लष्कराचा खेळ घरात आला.

दिवाळीच्या किल्ल्यापेक्षा हे वेगळे कसे?

कारागिरी बरीचशी तीच आहे. दगड-विटांचा आधार, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, वरून चाळलेली माती आणि गवतासाठी हळीव किंवा मोहरी पेरणे, हे ज्याने एकदा केले त्याला टेरेन नवे नाही. फरक हेतूमध्ये आहे. दिवाळीचा किल्ला समोरून पाहण्यासाठी असतो. त्याला एक दर्शनी बाजू असते, पायऱ्या सरळ सिंहासनापर्यंत जातात आणि बाजारातून आणलेला पहारेकरी अनेकदा बुरुजापेक्षा उंच असतो. त्यात काही चूक नाही, कारण त्या किल्ल्यावर कोणाला चढायचे नसते.

टेरेनवर सोंगटीला चढायचे असते. त्यामुळे चार प्रश्नांची उत्तरे बांधतानाच द्यावी लागतात. वर जाणाऱ्या वाटा किती? लपायला आडोसा कुठे? कोणत्या जागेवरून काय दिसते? आणि पाणी कुठे आहे? खरा किल्ला बांधणाऱ्यांपुढेही हेच प्रश्न होते. किल्ला ‘खेळायचा’ ठरवला की मुलांना त्याची रचना पाठ करावी लागत नाही, ती त्यांना आपोआप शोधावी लागते. या सगळ्या खटाटोपातून मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच.

तोरणा-राजगडच का?

पानशेत धरणापासून तोरणा जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे १२ किलोमीटरवर आहे. तोरण्यापासून राजगड आग्नेयेला, सरळ रेषेत सुमारे सात किलोमीटरवर. म्हणजे दोन मोठे किल्ले, मधली डोंगराची धार आणि उत्तरेची खोरी एकाच फळीवर मावतात. तोरण्याची उंची १,४०३ मीटर. राजगड त्याहून थोडा कमी.

दोघांची घडण वेगळी आहे, हेही खेळाच्या पथ्यावर पडते. तोरण्याला झुंजार आणि बुधला अशा दोन माच्या. राजगडाला मध्ये बालेकिल्ला आणि त्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा आणि चोरदरवाजा अशा राजगडावर जाण्याच्या वाटाही अनेक. संजीवनी माचीवर एका तटाच्या आत दुसरा तट आहे. बाहेरचा तट पडला तरी लढाई संपत नाही. सूत्रधाराला यापेक्षा जास्त काय हवे?

११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. या नोंदीच्या नावात ‘किल्ले’ नव्हे, तर ‘लष्करी भूप्रदेश’ असे शब्द आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. महत्त्व केवळ तटबंदीला नाही. डोंगर, खोरे, घाट आणि किल्ला यांच्या एकत्रित वापराला आहे. दिवाळीच्या किल्ल्यात नेमका हाच आजूबाजूचा मुलूख सुटतो.

स्केल किती घ्यावे?

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. ९० बाय ६० सेंटिमीटरची फळी घेतली आणि १ सेंटिमीटर म्हणजे २०० मीटर धरले, तर तिच्यावर १८ बाय १२ किलोमीटरचा मुलूख बसतो. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली की वरच्या कडेला पानशेत, खाली तोरणा आणि राजगड, अशी मांडणी होते. तोरणा-राजगड अंतर साधारण ३५ सेंटिमीटर येते.

उंचीला हेच स्केल लावले तर मात्र निराशा होते. खोऱ्याचा तळ ६०० मीटर धरला, तर तोरण्याचा माथा त्याच्यावर ८०० मीटर, म्हणजे फळीवर फक्त चार सेंटिमीटर. म्हणून उंची दुप्पट दाखवावी. उठावाच्या नकाशांमध्ये ही सर्रास वापरली जाणारी सवलत आहे. मग तोरणा आठ सेंटिमीटरचा होतो आणि पाच मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा एक थर बरोबर ५० मीटर उंची दाखवतो. तोरण्याला एकूण १६ थर लागतात.

या फळीवर माणसाची सोंगटी मात्र स्केलमध्ये बसत नाही. तीन सेंटिमीटरची सोंगटी इथे सहाशे मीटर लांबीची होईल! त्यामुळे या फळीवर रंगीत टाचणी किंवा मणी वापरावा आणि प्रत्यक्ष प्रसंगांसाठी दुसरा, छोटा तुकडा बनवावा. अशा खेळांत रूढ असलेले माप म्हणजे एक इंच बरोबर पाच फूट, म्हणजेच १ : ६०. या मापात माणूस साधारण २८ मिलिमीटरचा होतो आणि २० फुटी दरवाजा चार इंचांचा.

या मापात संपूर्ण किल्ला करण्याचा मोह टाळलेला बरा. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. १ : ६० मापात ती जवळपास ४२ मीटर होईल, सोसायटीचे पार्किंगही पुरणार नाही. म्हणून एक दरवाजा, एक बुरूज, एक टाके एवढेच निवडावे. दोन फूट बाय दोन फूट तुकड्यावर १२० फूट बाय १२० फूट जागा मिळते आणि एका प्रसंगाला ती पुरते.

डोंगर कसा उभा करायचा?

आधी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १ : ५०,००० मापाच्या नकाशांत समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात. या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. आपल्या फळीसाठी तो अडीचपट मोठा करावा लागतो. ६००, ७००, ८०० अशा शंभराच्या रेषा आधी गडद करून घ्याव्यात आणि मधल्या ५० मीटरच्या रेषा लगतच्या दोन रेषांमधून अंदाजाने काढाव्यात.

नंतर पुठ्ठा. फ्रिज, वॉशिंग मशीनच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा साधारण पाच मिलिमीटरचा असतो. प्रत्येक रेषेचा आकार कापून एकावर एक चिकटवत जायचे. आतील भाग भरीव ठेवण्याची गरज नाही. खालच्या थराच्या मधून कापून काढलेला तुकडा वरच्या थराला वापरता येतो. वरच्या थराला टेकण्यापुरती दोन-तीन सेंटिमीटरची कड ठेवली की पुरते. पुठ्ठाही वाचतो आणि फळी हलकी होते. कटरचे काम मोठ्यांनी करावे, रेषा गिरवणे आणि चिकटवणे मुलांनी.

आता पुठ्ठ्याच्या पायऱ्या दिसतात, त्या बुजवायच्या का? परदेशी मार्गदर्शक व्हिडीओंत त्या लगद्याने गुळगुळीत करायला सांगतात. सह्याद्रीत त्याची फारशी गरज नाही. इथला डोंगरच पायऱ्यांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा बेसॉल्टचा प्रदेश तयार झाला. कठीण थरांचे कडे झाले, झिजणाऱ्या थरांच्या सपाट पट्ट्या झाल्या. या खडकांना भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. राजगडाच्या माच्या म्हणजे डोंगराने दिलेले असेच सपाट टप्पे, तटबंदी घालून बंदिस्त केलेले. त्यामुळे जिथे कडा आहे तिथे पुठ्ठ्याची कड तशीच ठेवावी आणि जिथे सोंड किंवा वाट आहे तिथेच लगद्याने उतार द्यावा. फळीकडे पाहताच कुठून चढता येते ते कळायला हवे.

लगद्यासाठी वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, पिळून त्यात पांढरा गोंद मिसळावा. गव्हाच्या पिठाची खळही चालते, पण ती पूर्ण वाळली नाही तर बुरशी आणि झुरळे दोन्ही येतात. एका वेळी पातळ थर द्यावा आणि पंख्याखाली एक-दोन दिवस वाळू द्यावा. जाड ओला थर दिला तर पुठ्ठा वाकतो.

रंगरूपासाठी बाजारात जाण्याची फारशी गरज पडत नाही. गोंदाच्या ओल्या थरावर चाळलेली माती भुरभुरली की जमीन होते. कड्यांना काळा-करडा रंग द्यावा, वरून जवळपास कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग फिरवावा. कडा लगेच उठून दिसतात. वाळवलेला चहाचा चोथा रानातील पाचोळा होतो, हिरवी घासणी कात्रीने कुरतडली की झाडी आणि तुळशीच्या वाळक्या काटक्यांची झाडे. टाक्यातील पाण्यासाठी गडद निळसर-हिरवा रंग आणि त्यावर पांढऱ्या गोंदाचे तीन-चार पातळ थर. गोंद वाळला की पारदर्शक होतो आणि पाण्यासारखा चमकतो.

थर्माकोल शक्यतो नको. सजावटीसाठी थर्माकोलच्या वापरावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय त्यावर स्प्रे पेंट मारला की त्यातील द्रावकामुळे थर्माकोल विरघळतो आणि डोंगराला भोके पडतात.

धरणांचे पाणी दाखवायचे का?

गोष्ट कोणत्या काळातील आहे, यावर ते अवलंबून आहे. आजच्या नकाशावर फळीच्या उत्तर भागात आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव या धरणांचे निळे जलाशय ठळक दिसतात. वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणी धरणाचे पाणी दिसते. शिवकाळात यातील एकही नव्हते. होत्या त्या फक्त नद्या आणि काठाची गावे. सतराव्या शतकातील गोष्ट असेल तर निळा रंग पुसून नदीचे पात्र काढावे लागेल.

इथे एक तांत्रिक अडचण येते. उंचीची मोफत मिळणारी बरीच माहिती फेब्रुवारी २००० मधील नासाच्या अंतराळ मोहिमेतील रडारवरून घेतलेली आहे. रडारला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, खालची दरी नाही. त्यामुळे जलाशयाच्या जागी सपाट मैदान येते. दोन्ही बाजूंचे ओढे कुठे एकत्र येतील याचा माग काढत पात्र आखणे, हा मुलांसाठी चांगला सराव आहे. गावातील वडीलधाऱ्यांना विचारले तर धरणाआधीची वाट कुठून जायची, हेही कळू शकते.

अंगणातील किल्ल्याच्या तळ्याबाबत एक अनुभव अनेकांचा आहे. मातीचा बांध घातला आणि त्यातून पाणी सोडायला नळी बसवली, की गळती बहुतेक वेळा त्या नळीच्या कडेने सुरू होते. मातीच्या धरणातही विमोचकाचा भाग नाजूक असतो. पानशेतच्या मातीच्या धरणात पाणी साठवण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात विमोचकावरचा भराव खचत गेला आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. पाठोपाठ खडकवासला धरणही फुटून पुण्यात हाहाकार उडाला. आजच्या काळातील फळी बनवली तर जलाशय दाखवताना ही गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. मात्र ती खेळातील प्रसंग म्हणून नव्हे.

खेळाचे नियम कोणते?

महागडी पुस्तके किंवा वीस बाजूंचे फासे सुरुवातीला लागत नाहीत. ल्युडोचे दोन फासे पुरतात. दोन फाशांची बेरीज ६ किंवा जास्त येण्याची शक्यता ७२ टक्के, ८ किंवा जास्त येण्याची ४२ टक्के आणि १० किंवा जास्त येण्याची १७ टक्के असते. म्हणून सोप्या कामाला ६, अवघड कामाला ८ आणि जिवावरच्या कामाला १० असे ठरवून टाकावे.

चालण्याचा वेळ मोजण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ मधील ठोकताळा उपयोगी पडतो. पाच किलोमीटर सपाटीला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असा तो साधारणपणे वापरला जातो. आपल्या फळीवर याचे सुटसुटीत रूप होते : दर पाच सेंटिमीटरला १२ मिनिटे आणि चढाच्या प्रत्येक थराला पाच मिनिटे. अंतर दोऱ्याने मोजावे आणि थर बोटाने. पावसात किंवा रात्री वेळ दुप्पट धरावा.

उदाहरणार्थ, सूत्रधार एवढेच सांगतो : आंबीच्या खोऱ्यातून निघालेला खलिता पहाटेच्या आत राजगडावर पोहोचवायचा आहे. खेळाडूंपैकी एक वाटाड्या, एक हेर, एक मशालजी आणि एक पखाल वाहणारा. खोऱ्याने जावे तर वाट सोपी, पण चौकी आड येते. डोंगराच्या धारेने जावे तर कोणी अडवणार नाही, पण थर मोजले की पहाट होते. मशाल पेटवली तर वाट दिसते आणि चौकीलाही मशाल दिसते. मग भांडण सुरू होते आणि सगळे आपसूक नकाशावर वाकतात. कोण कोणाला दिसते, हे ठरवायला दोन सोंगट्यांमध्ये दोरा ताणायचा. मध्ये पुठ्ठा आला तर दिसत नाही.

दरवाजाच्या छोट्या तुकड्यावरही हीच चाचणी करावी. शिवकालीन अनेक किल्ल्यांचे दरवाजे दोन बुरुजांच्या आड, वळणाच्या वाटेवर असतात. या रचनेला गोमुखी म्हणतात आणि रायगडाचा महादरवाजा हे तिचे ठळक उदाहरण. आपला दरवाजा लांबून दोऱ्याच्या टप्प्यात येत असेल तर बुरूज पुढे सरकवायला हवा. हत्तीने किंवा ओंडक्याने धडक मारण्यासाठी दरवाजासमोर धावायला जागा का ठेवत नसत, हे त्यानंतर वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

इतिहास आणि कल्पनेची सरमिसळ होणार नाही?

हा आक्षेप रास्त आहे. मुले खेळातील प्रसंग खरा समजू शकतात. त्यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, ऐतिहासिक व्यक्ती खेळाडूंची पात्रे म्हणून घेऊ नयेत. छत्रपतींची किंवा नामवंत सरदारांची भूमिका फाशांवर सोडण्यापेक्षा ज्यांची नावे कागदपत्रांत उरली नाहीत, अशी माणसे निवडावीत. पाणके, वाटाडे, दारावरचे पहारेकरी, गवत कापणारे. किल्ला त्यांच्यावरही चालत असे. दुसरा, खेळ संपल्यावर पाच मिनिटे बसून खरे काय होते आणि आपण रचलेले काय, याच्या दोन याद्या कराव्यात. अळू दरवाजा खरा, खलिता आपला.

अद्भुताची हौस असेल तर परदेशी ड्रॅगन आणायलाच हवेत असे नाही. रानात वाट चुकवणारा चकवा, वेताळ, पाणवठ्यावरच्या आसरा हे मराठी मुलखातील लोककथांचे जुने रहिवासी आहेत. चकवा लागला की सूत्रधार सोंगटी उचलून मागच्या खिंडीत ठेवतो. नियम सोपा आणि दहशत पुरेशी.

वेळ आणि खर्च किती?

पुठ्ठा, वर्तमानपत्र, माती घरातील. गोंद, चार-पाच रंग आणि खालची प्लायची फळी विकत घ्यावी लागते. वाळण्याचा काळ धरून मोठ्या फळीला तीन-चार शनिवार-रविवार लागू शकतात. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांनी फक्त राजगडाची एक माची किंवा एक दरवाजा करून सुरुवात करावी. फळी पलंगाखाली सरकवता येईल एवढीच उंच ठेवावी. आठ सेंटिमीटरचा तोरणा तिथे मावतो. अंगण नसलेल्या फ्लॅटमध्येही हा किल्ला होतो आणि दिवाळी संपली म्हणून तो मोडावा लागत नाही. वर्षभर गोष्ट पुढे चालू राहते, पुढच्या वर्षी शेजारच्या खोऱ्याची फळी जोडता येते.

त्यानंतर एखाद्या रविवारी पाबे घाटातून वेल्ह्यात उतरावे आणि घरचा नकाशा सोबत घ्यावा. आपण कडा दाखवलेल्या जागी खरोखर कडा आहे का, आणि जिथे सोंड काढली तिथून वाट जाते का, हे मुलांना स्वतः ताडून पाहू द्यावे. जिथे चुकले असेल, तो पुठ्ठ्याचा थर घरी आल्यावर उचकटून पुन्हा लावता येतो.